काकांच्या स्पीडवर

आमचे सगळे बॉम्ब गव्हात पडले. ज्या रेल्वे यार्डासाठी बारा विमानं इतका वेळ उडत आली होती ते यार्ड जसंच्या तसं राहिलं, डबे रांगेत, इंजिनं उभी. आणि त्याच्या पलीकडच्या शेतातून धुराचे लोट निघाले. मी हेडफोन कानावरून ओढून काढला आणि टेबलावर आपटला. सलग दुसरा रविवार होता.

हे सगळं कॉम्प्युटरवरच्या खेळातलं, हे आधीच सांगून टाकतो. ग्वाल्हेरात विमानाचं नाव काढलं की लोकांना महाराजपुऱ्याचा हवाई तळच आठवतो आणि मग ते माझ्याकडे आदरानं बघायला लागतात. मी तसला कुणी नाही. मी मधुसूदन सरवटे, सिंचाई विभागातून रिटायर झालेला इंजिनीअर. जन्मभर कालव्यांच्या लेव्हली घेतल्या. आता जुन्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं बॉम्बर विमान घरात बसून उडवतो. दौलतगंजच्या आमच्या फ्लॅटमधली मधली खोली हा माझा विमानतळ आणि बायकोच्या, अनसूयेच्या मते माझं खूळ.

आमच्या पलटणीचा कमांडर संग्रामसिंह. पुष्करचा, म्हणजे माझ्या मुलाचा, शाळेपासूनचा मित्र; बाड्याच्या बाजारात त्याचं घड्याळांचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी तो बारा विमानं जमवतो, पोरं कुठून कुठून जोडली जातात, आणि सगळी मिळून एखादं लक्ष्य गाठतात. त्यात माझं विमान सगळ्यांत पुढं. लीड. बॉम्ब कुठं सोडायचे ते लीडनं ठरवायचं. माझे बॉम्ब सुटलेले दिसले की मागचे अकरा जण आपापले सोडतात. म्हणजे मी चुकलो की बाराच्या बारा चुकतात.

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला तेव्हा संग्रामचा आवाज आला.

"काका, बुरा मत मानिए हां," तो म्हणाला. आवाज इतका मऊ की पुढं काय येणार ते मी तिथंच ओळखलं. "पोरं बोलून राहिलीत. दोन रविवार झाले, सगळ्यांची मेहनत पाण्यात. पुढच्या रविवारी एक चान्स आणखी घेऊ. नाही लागलं तर मग लीड राजवर्धनला देऊन टाकू. तुम्ही मागे आरामात उडा ना, काका."

आरामात! दीड वर्षापूर्वी मला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. झटका सौम्य होता, पाय सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात तेवढा अर्धवट राहिला. पण घरानं तेवढ्यात माझ्या हातातून एकेक वस्तू काढून घेतली. आधी स्कूटरची किल्ली गेली. मग गॅसचा लायटर, मग वस्तरा. गणपतीत आरतीचं तबक माझ्या हातात दिलं खरं, पण खालून अनसूयेचा हात होताच. मी ओवाळत होतो की ती, ते गणपतीलाच ठाऊक. सगळे प्रेमानं करत होते, म्हणून रागावायचीही सोय नव्हती. मी मात्र रागावायचो.

फिजिओवाली म्हणाली, बोटांना काम द्या. म्हणून पुष्करनं नोएडाहून, तो तिथं नोकरीला असतो, हा उडवायचा संच पाठवला. उजव्या हाताला दांडी, डाव्या हाताला इंजिनांचा लिव्हर. आणि बघता बघता मी लीड झालो. मी हात हलवला की बारा विमानं वळायची. घरात पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी माझ्या भरवशावर ठेवत नव्हतं आणि इथं अकरा जाणती माणसं माझ्या मागं डोळे मिटून येत होती. ही जागा गेली असती तर माझ्याकडे काही उरलं नसतं. मी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण होतं ते असं होतं.

माझ्या विमानात बॉम्ब सोडायचं काम सुनेचं, अवंतिकाचं. ती दातांची डॉक्टर, सिटी सेंटरला क्लिनिक आहे. दुपारी क्लिनिक बंद असतं तेव्हा आणि रविवारी, झोप मोडून ती माझ्या डाव्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसते. बॉम्ब टाकायचं शास्त्र तसं सरळ आहे. बॉम्ब विमानातून सुटला की सरळ खाली पडत नाही, विमानाच्या वेगानं पुढं पुढं जात पडतो. म्हणून लक्ष्याच्या आधीच सोडावा लागतो. किती आधी, ते नेम धरायचं यंत्र सांगतं. त्याला फक्त उंची, वारा आणि स्पीड, एवढे तीन आकडे खरे द्यावे लागतात. ते दिल्यानंतर शेवटची दोनेक मिनिटं विमान दोरीसारखं सरळ न्यायचं. खालून तोफा फुटोत, काहीही होवो, हलायचं नाही, वेग बदलायचा नाही. हलला तो संपला.

त्यासाठी मी तिला लेव्हलवाल्यांची शिस्त लावली होती. लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावणारा आकडा ओरडतो, लिहिणारा तो पुन्हा मोठ्यानं उच्चारतो आणि मगच लिहितो. मी म्हणायचं, "स्पीड तीनशे." तिनं म्हणायचं, "तीनशे, बाबा." आणि यंत्रात भरायचं. या शिस्तीवर कित्येक महिने आमचे बॉम्ब अचूक पडले होते. मग आत्ताच काय झालं?

त्या आठवड्यात मी इरेला पेटलो. सकाळी चहा झाला की मी मशीन चालू करायचो. मे महिना, बाहेर लूच्या झळा, आणि खोलीतला कूलर बंद. कारण कूलरचा आवाज हेडफोनमधून सगळ्या पलटणीला जातो. बोलायचं बटण माझ्या लिव्हरवरच आहे, अंगठ्याखाली. माझा अंगठा त्याच्यावर पडून राहतो आणि मग आमच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा अकरा घरांत ऐकू जातात, अशी संग्रामची तक्रार असते. तर कूलर बंद ठेवून, घामाच्या धारा पुसत, मी एकट्यानं दोन्ही कामं करून बघितली. आधी उडवायचं, मग यंत्रात आकडे भरायचे, मग सोडायचं. पहिला बॉम्ब यार्डात. दुसरा यार्डात. तिसरा थेट इंजिनाच्या डोक्यावर.

मी खूश होऊन टाळी वाजवणार होतो, पण टाळीचा डावा हात वेळेवर आला नाही. आणि मग लक्षात आलं, खूश व्हायचं कारणच नाही. मी एकटा असताना लागतंय आणि दोघं असताना चुकतंय, म्हणजे चूक तिची.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी जी मी घरात कुणाला सांगितली नव्हती. साधारण पंधरा दिवसांपूर्वी माझ्या ध्यानात आलं की तो डावा हात लिव्हरवर नुसता ठेवला तरी त्याच्या वजनानं लिव्हर हळूहळू मागं सरकतो. बोटांना कळतच नाही. स्पीड उतरतो. मी हादरलो. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? फिजिओवाली, पुष्करचा व्हिडिओ कॉल, अनसूयेचे उपास, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रेमानं, "बाबा, आता राहू द्या ना." म्हणून मी गच्चीवरच्या दोरीचा कपड्यांचा एक चिमटा आणला आणि लिव्हरच्या मागं खाचेत घट्ट बसवला. वरून रुमाल टाकला. लिव्हर आता हलायचं नाव घेईना. स्पीड पक्का तीनशे. म्हणजे माझ्याकडून काही चुकत असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुपारी जेवताना मी अनसूयेला म्हणालो, "तुझी सून वाऱ्याचा आकडा चुकवते बहुतेक."

"तिला काही बोलाल तर बघा," अनसूया म्हणाली. "दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून दमून येते पोरगी, तरी तुमच्याजवळ बसते. दुसरी असती तर बसली असती का?"

"मी कुठं काय बोलतोय!"

आणि खरंच मी काही बोललो नाही. एक तर अनसूयेचं बरोबर होतं. दुसरं म्हणजे मी घाबरत होतो. अवंतिका दुखावली आणि उठून गेली तर माझ्या विमानात दुसरं कोण बसणार? मग मी काय केलं, तर तिची चूक परस्पर सांभाळून घ्यायचं ठरवलं. बॉम्ब लांब पडतायत ना? मग आपण थोडं हळू जावं. गुरुवारी दुपारी ती आली तेव्हा मी चिमटा आधीच थोडा मागं सरकवून ठेवला होता. यार्ड समोर आलं.

"स्पीड तीनशे," मी ठणकावून सांगितलं. काटा दोनशे पंच्याऐंशीवर होता.

"तीनशे, बाबा."

बॉम्ब यार्डाच्या मधोमध पडला.

"अरे वा! लागला ना, बाबा!" ती केवढी खुलली. "बघा, तुम्ही उगीच टेन्शन घेत होता. सब ठीक हो गया."

मी हसलो. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. सासऱ्यानं सुनेची चूक पोटात घालावी ती अशी, तिला कळूही न देता. तेव्हा माझ्या डोक्यात एवढाही विचार आला नाही की तिचा आकडा नेमका माझ्या चोरट्या आकड्याशी कसा जुळला.

रविवारी उन्हानं कहर केला. दुपारचं जेवण मला गेलं नाही. अनसूयेनं पन्हं आणून ठेवलं, तेही तसंच राहिलं. खोलीत कूलर बंद, खिडक्या बंद, हातांना घाम. मी उजवा हात पुसला, मग उजव्या हातानं डावा पुसला, आणि तो उचलून लिव्हरवर नेऊन ठेवला. रुमालाखाली चिमटा गुरुवारच्या जागी होता. अवंतिका केस बांधून शेजारी बसली.

"सगळे तयार?" हेडफोनमध्ये संग्रामचा आवाज. "आज यार्डात गाड्या भरून उभ्या आहेत. संध्याकाळपर्यंत निघून जातील, मग मिशन खतम. दुसरा फेरा मिळणार नाही. काका, आपके पीछे हैं सब."

"या," मी म्हणालो.

राजवर्धन माझ्या अगदी मागं, उजव्या हाताला उडत होता. इंदूरचा पोरगा, नेम चांगला, स्वभावानंही वाईट नाही. म्हणून तर मला त्याचा जास्त राग. त्याचं विमान खिळल्यासारखं स्थिर होतं. एकदाही डगमगलं नाही.

नदी दिसली. नदीवरचा पूल दिसला. मग काळे ठिपके फुटायला लागले, खालच्या तोफांचे. एक विमान पेटून खाली गेलं, कुणीतरी हेडफोनमध्ये शिवी हासडली. माझ्या पंखावर दोन भोकं पडली. मी विमान यार्डाच्या रेषेत आणलं आणि दांडी घट्ट धरली. आता हलायचं नाही.

"उंची चार हजार," मी म्हणालो.

"चार हजार."

"वारा डावीकडून, मघाचाच."

"मघाचाच, बाबा."

"स्पीड तीनशे."

"तीनशे, बाबा."

काटा दोनशे पंच्याऐंशीवर, जसा हवा तसा. मी श्वास सोडला. आणि नेमकं त्याच वेळी रुमालाखाली टक् असा आवाज झाला. घामानं भिजलेल्या हाताचं वजन चिमट्यावर आलं होतं. तो खाचेतून निसटला, उडाला आणि फरशीवर कुठंतरी पडला.

लिव्हर सरकायला लागला. दोनशे ऐंशी. मी हाताला सांगितलं, पुढं ढकल. हात ढिम्म. खांद्यातून जोर लावला तर अंगठा तेवढा बटणावर आणखी दाबला गेला. दोनशे पंच्याहत्तर. मागं दहा विमानं. त्यांना लीडचा वेग कमी झालेला दिसत असणार, ती माझ्या अंगावर येत असणार. उजवा हात दांडीवरून काढावा तर विमान कोसळेल.

"स्पीड तीनशे," मी पुन्हा म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. घाबरलेला माणूस खोटंच जोरात बोलतो.

"तीनशे, बाबा," अवंतिका म्हणाली. शांत, गोड, नेहमीचा आवाज.

चिमटा कुठं पडला ते बघायला मी मान वळवली आणि माझी नजर तिच्या पडद्यावर गेली. यंत्रात तीनशे नव्हते. तिचं बोट फिरत होतं आणि आकडा उतरत होता. दोनशे ऐंशी. दोनशे पंच्याहत्तर. दोनशे सत्तर. माझा काटा जसा उतरत होता तसा तिचा आकडा उतरत होता, आणि तोंडानं ती म्हणत होती तीनशे.

मला सगळं एकदम कळलं. तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी चिमटा लावायच्या कितीतरी आधी तिनं माझा हात घसरताना बघितला होता, आणि मला न सांगता ती आकडा कमी भरत आली होती. म्हणून बॉम्ब लागत होते. माझ्यामुळे नव्हे. लीड म्हणून मी मिरवलो ते तिच्या बोटावर. मग मी चोरून चिमटा लावला, खरोखरच तीनशेनं उडायला लागलो, आणि ती बिचारी माझा काटा न बघता सवयीनं कमीच भरत राहिली. एकमेकांना सांभाळून घेता घेता आम्ही बारा विमानांचे बॉम्ब गव्हात टाकले होते.

राग असा उसळला की कानशिलं तापली. लाजही वाटली, पण राग आधी.

"अवंतिका, तीनशे नाहीत!" मी ओरडलो.

तिचं बोट थांबलं. "माहीत आहे, बाबा."

"कधीपासून माहीत आहे?"

"बाबा, आत्ता नको ना. मिनिटभर राहिलं आहे."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच कापला. "तुमचा हात खाली येतो. तुम्हाला माहीत नाही पडत. म्हटलं, मी इकडून कमी करून टाकते. तुम्हाला कशाला सांगायचं. पण आत्ता खूप पडून राहिला आहे, मला पकडता येत नाही. एका जागी ठेवा, बाबा, प्लीज. कितीही असू दे, पण एका जागी ठेवा."

तेव्हा मला माझ्या अंगठ्याखालचं बटण आठवलं. ते दाबलेलं होतं. मघापासून दाबलेलं होतं. दिवाळी, हात, सगळं पलटणीनं ऐकलं होतं.

आता लपवायला उरलंच काय होतं? लिव्हर ओढत होता तो माझाच हात. तो नसता तर लिव्हर जिथल्या तिथं राहिला असता. इतकं सोपं होतं ते, पण तो हात लिव्हरवर आहे, कामाचा आहे, हे दाखवण्यासाठीच तर मी एवढे महिने धडपडत होतो.

"ऐका सगळ्यांनी," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला. "माझा डावा हात लिव्हर धरू शकत नाही. मी तो काढतोय. स्पीड राहील दोनशे सत्तर. खरे दोनशे सत्तर."

खांद्यातून हिसका देऊन मी हात ओढला आणि मांडीवर टाकला. बटण सुटलं. लिव्हर थांबला. काटा थरथरला आणि दोनशे सत्तरवर स्थिर झाला. मला वाटलं, आता संग्राम राजवर्धनला पुढं काढणार. मी त्याच्या जागी असतो तर काढलंच असतं.

हेडफोनमध्ये खरखर झाली.

"सुना सबने?" संग्रामचा आवाज. "दोन सौ सत्तर. सगळे थ्रॉटल खाली घ्या. कुणी पुढं जाणार नाही. काकांच्या स्पीडवर चला."

"दोन सौ सत्तर," राजवर्धन म्हणाला. मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. एकेक करून सगळ्यांनी आकडा उच्चारला, आमच्या लेव्हलवाल्यांसारखा. मी उजवीकडे बघितलं. राजवर्धनचं विमान हळू झालं होतं आणि माझ्या पंखाशी बरोबरीनं येऊन थांबलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते पुसता येईना, कारण कामाचा हात एकच होता आणि तो दांडीवर होता.

"स्पीड दोनशे सत्तर," मी म्हणालो.

"दोनशे सत्तर," अवंतिका म्हणाली, आणि या वेळी मी तिच्या पडद्याकडे बघितलं. दोनशे सत्तरच होते. "थोडं डावीकडे, बाबा. आणखी. बस! आता हलू नका. बिलकुल हलू नका."

ती मला कधी असं बोलली नव्हती. मी हललो नाही. पंखाशेजारी तोफेचा गोळा फुटला, पडदा हादरला, एका इंजिनातून धूर निघाला. मी दात आवळून दांडी धरून ठेवली.

"सोडले," ती म्हणाली.

मागून दहा जणांनी सोडले. मग वाट बघणं. चार हजार मीटर म्हणजे पडायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात माणसाच्या मनात काय काय येऊन जातं. मी खाली बघायला धजत नव्हतो.

"बाबा, बघा," अवंतिका म्हणाली.

यार्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उधळत गेलं. डबे उडाले, एकामागून एक. हेडफोनमध्ये पोरांनी अशी आरडाओरड केली की मला कानावरून तो दूर धरावा लागला. अनसूया स्वयंपाकघरातून पळत आली आणि काय झालं, काय झालं विचारत दारात उभी राहिली.

"काका," गोंधळ ओसरल्यावर संग्राम म्हणाला, "पुढच्या रविवारी लीड तुम्हीच. फक्त ब्रीफिंगला खरा स्पीड सांगा. दोन सौ सत्तर असेल तर दोन सौ सत्तर. आम्हाला काय, आम्ही तसे उडू."

"सांगेन," मी म्हणालो.

विमान परत आणलं, उतरवलं, हेडफोन काढला. अवंतिका माझ्याकडे बघत नव्हती. लॅपटॉपच्या वायरला उगीचच पीळ देत होती.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला बुरा वाटलं असेल. सगळ्यांसमोर."

वाटलंच होतं. पण माझ्या डोक्यात आता दुसरंच घोळत होतं. "तीनशे, बाबा." किती सहज म्हणायची ती. आवाजात कणभरही फरक नाही. आणि तोच आवाज मी आणखी कुठं ऐकला होता? रोज संध्याकाळी. मी रबरी चेंडू डाव्या हातानं दाबत बसतो, तो दबत नाही, मी चिडतो, आणि ती जाता जाता म्हणते, "होईल ना बरा, बाबा. टाइम लागतो." शांत, गोड, नेहमीचा आवाज. जानेवारीत मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मला बाहेर बसवून ती आणि पुष्कर आत बोलत होते. बाहेर येऊन तिनं हेच म्हटलं होतं.

विचारू नये असं वाटलं. न विचारता आणखी वर्षभर चेंडू दाबत बसता आलं असतं.

"अवंतिका," मी म्हणालो, "माझा हात बरा होणार आहे का?"

"होईल ना ब—" तिनं सुरुवात केली आणि ती थांबली. वर बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "जानेवारीत सांगितलं होतं त्यांनी. आहे इतकाच राहील. कदाचित आणखी थोडा कमी होईल."

"अगं, काय बोलतेस!" दारातून अनसूया पुढं आली. "अहो, तुम्ही मनावर नका घेऊ. डॉक्टर काय, काहीही सांगतात. त्या आपल्या विजयाबाईंच्या भावाला—"

"थांब, अनसूया," मी म्हणालो. मला रडू येत होतं आणि ते मी येऊ दिलं. "तिला सांगू दे."

अनसूया पदर तोंडाला लावून दारातच टेकून उभी राहिली. अवंतिकानं खुर्ची माझ्याकडे वळवली. माझा डावा हात मांडीवरून उचलून आपल्या हातात घेतला, अंगठ्यापासून सुरुवात केली, आणि कुठलं बोट किती काम करतं, कुठलं यापुढे करणार नाही, ते एकेक बोट धरून मला सांगायला लागली.